लाल पट्टीची उजवी बाजू

सान हुआन ला लागुना
८ फेब्रुवारी २००४

कोमाद्रे फेलिसियाना,

तुझं पाकीट गास्पारच्या होडीतून पोचलं. आत ऑर्डर होती, पत्र नव्हतं. शाळेत माझ्या वहीतून उतरवून घ्यायचीस तेव्हा शब्दांची एवढी कंजुषी नव्हती तुला. असो. आंतिग्वाची हवा थंड आहे म्हणतात, माणूस आखडत असेल.

पट्ट्या होतील. ईस्टरच्या आठवड्यात तुमच्या दुकानात गोऱ्यांची झुंबड उडणार आणि प्रत्येकाला मनगटावर आमच्या बोटांची मैत्री बांधून हवी असणार, हे मला कळतं. पण सगळ्या पट्ट्या बाणाच्या नक्षीच्याच का? बाणाची नक्षी ही दोघींची नक्षी आहे. डावीकडून मी गाठी मारत यायचं, उजवीकडून तू, आणि मधल्या गाठीला भेटायचं. मग ती मधली गाठ कोणी मारायची यावरून भांडायचं. तू गेल्यापासून दोन्ही बाजू मीच मारते. डावी संपली की दोरे टाचलेल्या उशीच्या उजवीकडे जाऊन बसते. शेजारच्या कोंबड्यासुद्धा मान वाकडी करून बघतात, ही बाई स्वतःच्या समोर का बसते म्हणून. एवढं करून पट्टी जरा डावीकडे कलतेच. गिऱ्हाइकाला सांग, तो डोंगराचा कल आहे. ते याच्यासाठीही जास्त पैसे देतील.

तुझ्या मालकिणीने, दोन्या मिर्नाने, छापलेलं ते कार्डही मिळालं. वाचून करमणूक झाली. लाल म्हणजे उत्कट प्रेम, पिवळा म्हणजे धनलाभ, काळा म्हणजे आत्म्याची खोली. फेलिस, तू शेजारी बसली असताना तिने हे लिहिलं? लाल सूर्य उगवतो तिकडचा, काळा मावळतो तिकडचा, पांढरा वाऱ्याचा नि हाडांचा, पिवळा मक्याचा, आणि मधला हिरवा-निळा आपला, तळ्याकाठच्यांचा. प्रेम यात कुठेच नाही. चार दिशा वाटल्या गेल्या तेव्हा प्रेमाला दिशाच मिळाली नाही, आणि ज्याने वाटल्या त्याला माणसं ठाऊक असणार.

तुझी ओदिलिया बरी आहे. पोट खाली उतरलंय. तिची आई शहरात दुकान सांभाळते, म्हणून रोज सकाळी तिच्याकडे मक्याच्या पिठाचं गरम आतोल मीच नेते. कर्तव्यच आहे, तिच्या बाप्तिस्म्याला चर्चमध्ये तिचं डोकं पाण्याखाली मी धरलं होतं, माद्रीना आहे मी तिची, धर्माची आई, म्हणून तर तुझी कोमाद्रे. तेव्हा ती माझ्या अंगातल्या नव्या हुइपिलवर मुतली होती ते मी कधी काढत नाही.

जाता जाता. निवडुंगावरचे किडे वाटून थोडा लाल दोरा रंगवून ठेवलाय. बाळाच्या मनगटापुरता. दृष्ट लागू नये म्हणून पहिली लाल पट्टी माद्रीनाने बांधायची असते हे तुला सांगायला नको. मी कुणाचं नाव घेत नाही. दोरा रंगवलाय, एवढंच.

पेत्रोना

२ मार्च

कोमाद्रे,

मुलगी झाली. शनिवारी पहाटे. तोमासा सुईण म्हणाली, पोर बाहेर येतानाच चिडलेली होती, आजीवर गेलीये. ओदिलियाला वाफेच्या न्हाणीत बसवलं, कोंबडीचं गरम पाणी पाजलं. तू येशील म्हणून गास्पार दोन फेऱ्या पानाहाचेलच्या धक्क्यावर थांबला. तू आली नाहीस, तुझं पत्र आलं.

तर दोन्या मिर्ना बाळाची माद्रीना होणार.

छान झालं. मला काही वाटलं नाही. वाटलं असतं तर लिहिलं असतं.

पत्र ओदिलियाने वाचलं तेव्हा मी चुलीपाशी होते. ती म्हणाली, "माद्रीना, आईने असं लिहिलंय बघा. मी काय करू?"

मी म्हटलं, "करायचंय काय? आई सांगते ते करावं. बाई मोठी आहे, दुकानाची मालकीण आहे, बाप्तिस्म्याला केक आणेल. मी काय आणणार, मक्याचे तामालितो."

गास्पार म्हणाला, "केक तर शेजारच्या पेद्रोच्या बायकोनेही आणला होता, मुंग्याच लागल्या."

त्याला मी गप्प बसवलं, पण तुला सांगते, जावई चांगला मिळालाय तुला.

तू लिहितेस, 'मिर्नाने मला वाईट दिवसांत हात दिला, तिचा हा एक शब्द मोडवत नाही.' बरोबर आहे. आम्ही तुला वाईट दिवसांत काय दिलं? तुझा नवरा गेला तेव्हा तुझ्या पाटावर बसून तुझ्या बाजूच्या गाठी मारत होते मी, तुझं नाव ऑर्डरीतून जाऊ नये म्हणून. पण तो हात नव्हता, ती नुसती बोटं होती.

लाल पट्टी अजून झाली नाही. ढगाळ हवा आहे, दोरा वाळत नाही. मार्चात कुठले ढग, असं तू म्हणशील. तू आंतिग्वात, तुला इथले ढग काय दिसणार.

पेत्रोना

२१ मार्च, रविवार

फेलिसियाना,

(लोकांसमोर 'कोमाद्रे', एकांतात 'फेलिस', भांडणात पूर्ण नाव. तुझा नियम. आता तिन्हींपैकी कुठल्यात आहोत ते समज.)

दोन्या मिर्ना येऊन गेली. बाई दिसायला चांगली आहे, हे मी आधीच मान्य करते, म्हणजे पुढचं मत्सराने लिहिलंय असं तुला म्हणता येणार नाही. टाचांचे बूट घालून होडीतून उतरली, आणि गास्पारने तिला जवळजवळ पोत्यासारखं उचलून धक्क्यावर ठेवलं. केक आणला होता. वर क्रीमची फुलं काढलेला. सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला, वाया घालवणं पाप आहे.

मग ती बाळापाशी आली. पाळण्यावर वाकली, हात पाठीमागे बांधून, आणि म्हणाली, "अगं बाई, काय डोळे. काय हे डोळे. मी अशी सुंदर पोर पाहिलीच नाही."

ओदिलिया म्हणाली, "घ्या ना, दोन्या."

"नको गं, बसचा हात आहे, धुतलेला नाही. मी नुसती बघते." आणि बघत राहिली. बघते म्हणजे किती बघावं? आपल्याकडे कोंबडीसुद्धा विकत घेताना कोणी इतकं बघत नाही. गोड म्हणायचं तर गालाला हात लावून म्हणावं, नाहीतर नजर तिथेच राहते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण तिला कोण सांगणार? मी सांगितलं असतं. मला कोणी विचारलं नाही. मी कोण, केक खाणारी.

आता तुला जे सांगायचंय ते.

बाळाच्या मनगटाला तिने पट्टी बांधली. गुलाबी आणि फिका जांभळा. कार्डावर जांभळा म्हणजे 'सुसंवाद' आहे. चांगली बाणाची नक्षी. ती गेल्यावर मी पट्टी उजेडात धरली. उजवी बाजू तुझी. मी तुझी गाठ झोपेत ओळखेन. दुसरा फास ओढताना तू अंगठा वळवतेस, गाठ तांदळासारखी बसते. पण डावी बाजू, फेलिसियाना. डावी बाजू कोणाची? त्या गाठी एकदाच ओढलेल्या आहेत, दुसरा फास दिलेलाच नाही, पट्टी पिळवटते. शिकाऊ हात आहे. म्हणजे संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर कोणीतरी तुझ्यासमोर उशीच्या डाव्या बाजूला बसतं, माझ्या बाजूला, आणि तू त्या बाईला शिकवतेस.

माद्रीनापद तिला दिलंस ते मी गिळलं. दुकानातलं काम मिळवलंस त्यासाठी मेणबत्ती लावली होती मी चर्चमध्ये. लहानशी, पण लावली होती. पण डावी बाजू?

या पत्राला उत्तर नको.

पेत्रोना चोलोतीयो

२४ मार्च

फेलिसियाना,

पोर आजारी आहे. घाबरू नकोस, पण आहे.

सोमवारपासून अंग तापलंय, दूध ओकते, हिरवं पातळ होतंय, आणि एक डोळा दुसऱ्याहून बारीक झालाय. आरोग्य केंद्रातली नर्स आली, ताप मोजला, मीठ-साखरेचं पाणी थेंबथेंब पाजायला दिलं, म्हणाली उद्यापर्यंत उतरला नाही तर सोलोलाच्या दवाखान्यात न्या. मग तोमासा आली. तिने पोरीच्या पोटावर हात ठेवला, डोळे बघितले, आणि घरातल्या सगळ्यांकडे बघितलं. म्हणाली, "दृष्ट आहे. जडशी आहे. कोणी बघितलं हिला, हात न लावता?"

सगळ्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं. आणि मग सगळे हळूहळू माझ्याकडे बघायला लागले.

त्यांचा दोष नाही. माद्रीनापद गेल्यापासून मी हसतमुखाने फिरते आहे, आणि माझं हसतमुख या गावात कोणाला सवयीचं नाही.

तोमासा म्हणाली, "पेत्रोना, तुझी नजर असेल तर लाजू नकोस. जिची नजर तिनेच पोटाशी धरायचं, तिच्या घामाच्या कपड्यात गुंडाळून. दुसऱ्या कोणाचा उपयोग नाही."

मला ठाऊक होतं कोणाची नजर ते. मी समोर उभी राहून बघितलं होतं. एक नाव घेतलं की झालं. पण ते नाव घेतलं तर काय? दोन्या मिर्ना परत येणार, पोर तिच्या छातीशी जाणार, पोर शांत होणार, गाव म्हणणार, बघा, माद्रीनाच्या हातात कशी निजली. माझ्याकडून तिने काय काय न्यायचं? आता दोषही तिचाच?

म्हणून मी म्हटलं, "माझीच असेल."

ओदिलिया रडली. "माद्रीना, तुम्ही?"

"मीच," मी म्हटलं. "माझ्या पोटात मत्सर होता. आता द्या इकडे."

दोष पदरात घेतानाही मान कशी ताठ ठेवता येते ते बघायला तू हवी होतीस. पोरीला मी शालीत गुंडाळून घेतलं. जवळ लाल पट्टीही नेली होती. हो, झाली होती. केव्हाच झाली होती, मक्याच्या कणगीत ठेवली होती. तोमासाने ती बघितली आणि म्हणाली, "चोर गेल्यावर कुलूप आणलंस होय?" मग उलटीसुलटी करून म्हणाली, "आणि एकटीने केलीयेस. कललीये."

पोर माझ्या छातीशी आहे. तुला लिहितेय तो हात मोकळा आहे. ती निजत नाही.

पे.

२५ मार्च

फेलिस,

ती निजली नाही. रात्रभर धरलं, ताप तिथेच. माझ्या घामाला गुण असता तर गाव केव्हाच निरोगी झालं असतं. गास्पार दुपारच्या होडीने तिला सोलोलाला नेणार आहे. तोमासा सारखी माझ्याकडे बघते. तिला कळलंय. सुईणीला माणसं आतून दिसतात.

नजर तुझ्या मिर्नाची आहे. मी बघितलं होतं, गप्प बसले होते, आणि काल खोटं बोलले. लाल पट्टी वेळेवर बांधली असती तर ती नजर पट्टीने खाल्ली असती, तेही मला माहीत आहे. हे वाचून तुला जे म्हणायचंय ते नंतर म्हण. मी ऐकून घेईन, मधे बोलणार नाही. एवढं मी आजवर कोणाला कबूल केलेलं नाही.

आता नीट वाच. दोन्या मिर्नाचा अंगात घातलेला ब्लाउज पाठव. धुतलेला नको. दिवसभर घातलेला, घामेजलेला. तिला कारण सांगू नकोस. आमच्याकडे शिवणीचा नमुना हवाय म्हण. बस-कंडक्टरच्या हाती दे, पानाहाचेलला गास्पारचा भाऊ घेईल. ब्लाउजमध्ये पोरीला गुंडाळलं तरी चालतं, बाई लागत नाही असं तोमासा म्हणते. म्हणजे मीच तिच्याकडून म्हणवून घेतलं.

फक्त ब्लाउज. बाई नको.

पेत्रोना

२८ मार्च, रविवार

फेलिस,

मी ब्लाउज पाठव म्हटलं होतं. त्यात बाई घालून पाठवायला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दोन्या मिर्ना दुपारच्या होडीने उतरली. बूट हातात, पाय चिखलात, आणि अंगात कालपासूनचाच ब्लाउज; वास आला मला. तू तिला खरं कारण सांगितलंस. मी सांगितलेलं एकही काम तू कधी सांगितल्यासारखं केलं नाहीस.

सोलोलाच्या डॉक्टरने रात्री सलाईन लावून सकाळी घरी सोडलं होतं. जिवावरचं टळलं होतं, पण ताप होता आणि पोर पापणी मिटत नव्हती. मिर्ना दारातच थबकली. म्हणाली, "मी फक्त सुंदर म्हणाले. शपथ घेऊन सांगते."

तोमासा म्हणाली, "तेच तर. बस खाली."

ती मातीवर बसली. पोरीला तिच्या ब्लाउजच्या आत, छातीशी दिलं. मी चुलीपाशी पाठ करून उभी राहिले. आधी रडणं ऐकू आलं, मग हुंदके, मग काहीच नाही. मला वळायचं नव्हतं. पण किती वेळ चूल बघणार? वळले तर पोर निजलेली, आणि मिर्ना हलतही नव्हती, जणू तिच्या मांडीवर कोणी तळं ठेवलंय भरलेलं. संध्याकाळी ताप उतरला. डॉक्टरच्या सलाईनने की तिच्या घामाने, ते मी तोमासाला विचारलं नाही, कारण उत्तर मला आवडलं नसतं.

तुझीच वाट बघत होतो आम्ही. मिर्ना म्हणाली, "फेलिसियानाला मीच थांबवलं, मोठी ऑर्डर जायचीये, दुकान कोण बघणार." नात तापलेली असताना तू मालकिणीचं ऐकलंस. माझं आजवर कधी ऐकलंस का गं? मी मालकीण व्हायला हवं होतं.

काल तोमासा म्हणाली, पोरीला नवी लाल पट्टी हवी, सरळ, दोघींच्या हातची. मी उशी काढली, दोरे टाचले, आणि नेहमीसारखी डावीकडे बसले. मिर्ना आली आणि माझ्याच शेजारी बसली. मी म्हटलं, "पलीकडे."

ती म्हणाली, "मला डावीच येते. फेलिसियानाने डावीच शिकवली."

"का?"

"उजवी तिची आहे म्हणून." मग दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली, "शिकवली कसली. मी ओळ संपवली की ती उसवते. म्हणते, पेत्रोनाची गाठ अशी नव्हती. पेत्रोना दोनदा ओढायची. पेत्रोना असती तर आतापर्यंत दोन झाल्या असत्या. दोन्या पेत्रोना, तुमचं नाव ऐकून ऐकून मला तुमचा वीट आलाय. पोरीची माद्रीना व्हायचं मी का मागितलं माहितीये? म्हटलं, एक तरी गोष्ट असू दे जी तुमच्याआधी माझी असेल."

फेलिस, हे ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही. तू तिथे उड्या मारशील. एवढंच सांगते की रात्री मी तिला दोन वेळा वाढलं, आणि ती नको म्हणत असताना पुलिकेच्या रश्श्यातली कोंबडीची मोठी तंगडी तिच्या ताटात टाकली.

मग आम्ही तुझ्याबद्दल बोललो. पुष्कळ बोललो. तू घोरतेस हे तिलाही ठाऊक आहे. तू भांडणात जिंकलीस की पदराने नाक पुसतेस, हेही. इतक्या हसलो की ओदिलियाने आम्हाला दटावलं, पोर उठेल म्हणून.

ती मंगळवारपर्यंत राहणार आहे. दुकानाचं तू बघतेसच. आज सकाळी मी तिला उशीच्या उजव्या बाजूला बसवलं. तुझ्या जागेवर. म्हटलं, दोन डाव्यांची पट्टी होत नाही, कोणीतरी उजवी शिकायला हवी. पहिल्या ओळी वाईट झाल्या, मी उसवल्या नाहीत. अंगठा कसा वळवायचा ते दाखवलं. दुपारपर्यंत एक गाठ तांदळासारखी बसली. एकच. पण बसली, मी खोटं कशाला सांगू.

माद्रीनाचं विचारशील, तर ओदिलियाने दोघींना स्पष्ट सांगितलंय, "आईने ठरवायचं, पण समोर येऊन. पत्रातून नाही." बाप्तिस्मा ईस्टरच्या पुढच्या रविवारी आहे. मिर्ना त्याआधी पुन्हा येणार आहे, सरावाला. बाईचे हात मऊ आहेत, पण कान चांगले आहेत, आणि माझ्या विनोदांना हसते. तू हसणं केव्हाच सोडलं होतंस. बाप्तिस्म्याच्या रविवारपर्यंत तिला तुझी बाजू पुरती येईल असं मला वाटतं.

तुझं यायचं तू बघ.

पेत्रोना